नावाड्याच्या नकाराची किंमत

अचलपूर-परतवाड्याच्या माणसाला पाण्याचे भय ठाऊक आहे. पण ते पुराच्या पाण्याचे. सापन आणि बिच्छन या नद्या वर्षातील बरेच महिने वाळू आणि गोटे दाखवीत पडून असतात आणि मेळघाटात मोठा पाऊस झाला की काही तासांत काठ सोडतात. खारे पाणी म्हटले की वर्‍हाडातल्या माणसाला पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातील विहिरी आठवतात. समुद्र हा त्याच्या अनुभवाचा भाग कधीच नव्हता. गेल्या दोन-तीन दशकांत मात्र तो त्याच्या सुटीचा भाग झाला आहे. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्यांत शिक्षक, कारकून, महाविद्यालयीन विद्यार्थी मोठ्या हौसेने कोकणात जातात. आठ-नऊशे किलोमीटरांचा प्रवास, महिनोन्‌महिने बाजूला टाकलेले पैसे, आगाऊ भरलेले भाडे आणि मोजून मिळालेली चार दिवसांची रजा, अशी ही सहल असते. त्या चार दिवसांतली एक सकाळ होडीसाठी राखलेली असते. त्या सकाळी खाडीच्या मुखाशी उभा असलेला नावाडी ‘आज होडी जाणार नाही’ असे म्हणाला, तर काय होते? हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. परंतु अनेकांच्या प्राणांशी त्याचा थेट संबंध आहे.

२४ मे २०२२ रोजी मालवण तालुक्यातील तारकर्ली येथे पर्यटकांची एक होडी उलटली. समुद्राच्या तळाचे जग पाहून मंडळी परत येत होती. किनारा दूर नव्हता. होडीत वीसच्या आसपास पर्यटक होते. त्यांपैकी दोघे दगावले आणि त्या दोघांतला एक अकोल्याचा तरुण होता. सिंधुदुर्गातील प्रवासी होड्या मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत दरवर्षी बंद ठेवल्या जातात. ही बंदी सुरू होण्यास तेव्हा अवघे काही दिवस उरले होते. अमरावती जिल्ह्यालाही असाच घाव त्याच्या आधीच्या वर्षी बसला होता. १४ सप्टेंबर २०२१ रोजी वरुड तालुक्यात झुंजजवळ वर्धा नदीत डोंगा उलटून अकरा माणसे बुडाली. दशक्रियेच्या निमित्ताने एकत्र आलेले ते नातेवाईक होते. एक घटना समुद्रावरची, दुसरी नदीवरची. दोन्हींची कारणे एक आहेत असे म्हणता येणार नाही. पण दोन्ही ठिकाणी होडी काठ सोडण्यापूर्वी एक क्षण असा होता, की तेव्हा कोणी तरी ‘नको’ म्हणू शकले असते. हा ‘नको’ उच्चारला का जात नाही, याचा विचार चौकशी अहवालांत क्वचितच होतो.

उथळ खाडीच्या मुखातून छोटी होडी सुखरूप नेणे ही काय विद्या आहे, हे आधी समजून घेणे अवश्य आहे. खाडीचे पाणी ओहोटीबरोबर समुद्राकडे धावते तेव्हा आपल्याबरोबर गाळ आणि वाळू घेऊन जाते. मुखाशी त्याला समुद्राच्या लाटा अडवितात, त्याचा वेग मंदावतो आणि वाळू तळाशी बसते. असा वाळूचा दांडा तयार होतो. देवबागजवळ कर्ली नदी समुद्राला मिळते, तेथे या घडामोडी डोळ्यांनी पाहता येतात. एका बाजूस समुद्र, दुसर्‍या बाजूस खाडी आणि मध्ये देवबागची चिंचोळी वालुकामय पट्टी अशी तेथील रचना आहे. खाडीतील वाळूचा एक उंचवटा ‘त्सुनामी बेट’ या नावाने पर्यटकांना दाखविला जातो. २००४ सालच्या त्सुनामीनंतर तो वर आला अशी कथा सांगितली जाते. भरती आली की या बेटावर पाणी चढते. जी वाळू नावाड्याला टाळावयाची असते, तिच्यावरच उतरण्यासाठी पर्यटक पैसे मोजतो, असा हा विलक्षण व्यापार आहे.

दांड्यावर पाणी उथळ असल्यामुळे बाहेरून संथपणे येणारी लाट तेथे उभी राहते आणि फुटते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सव्वापटीच्या आसपास आली, की लाट फुटते असा ढोबळ हिशेब आहे. त्यातच ओहोटीचा प्रवाह समोरून येत असेल तर लाटा आखूड आणि उभ्या होतात. म्हणून ओहोटीच्या जोरात दांडा ओलांडणे सर्वांत धोक्याचे. जाणता नावाडी चढत्या भरतीचा उत्तरार्ध निवडतो. तेव्हा खोली अधिक असते, प्रवाह लाटांच्या विरुद्ध नसतो आणि होडीचा तळ चुकून वाळूला टेकलाच, तर मागून येणारे पाणी तिला उचलून घेते. ओहोटीत अडकलेली होडी मात्र तेथेच राहते आणि लाटांचा मार खाते. यंत्राचा पंखा वाळूत घासून बंद पडला, तर ती आणखीच असहाय होते.

भरतीची वेळ ही गूढ गोष्ट नाही. कोकणातील जुनी माणसे ती पंचांगावरून काढीत आली आहेत: तिथीच्या पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते. तेव्हा पाणी अधिक चढते आणि तितकेच अधिक ओसरते, म्हणून प्रवाहही जोराचा असतो. अष्टमीच्या आसपास भांगाचे पाणी असते. ते कमी चढते आणि कमी उतरते. मुंबईस उधाणाचे पाणी साडेचार मीटरांच्याही वर चढते, तर मालवण-वेंगुर्ल्याकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास. हे गणित अचलपूरच्या घरातील दिनदर्शिकेवरूनही करता येईल. सहलीची तारीख ठरविताना मात्र ते कोणी करीत नाही.

परंतु भरतीची वेळ कळली म्हणजे वाट कळली असे नाही. दांडा स्थिर नसतो. एका पावसाळ्यात नदी नवी वाळू आणते, लाटा जुनी हलवितात आणि खोल पाण्याची वाट शेदोनशे हात सरकते. गेल्या वर्षी देवळाचा कळस आणि माड एका रेषेत धरून सुखरूप आलेला माणूस यंदा त्याच रेषेने वाळूवर चढू शकतो. म्हणून जाणता नावाडी मुखाशी येऊन थांबतो आणि काही मिनिटे नुसता पाहतो. फेस कोठे सतत उठतो, पाण्याचा रंग कोठे गडद आहे, मोठ्या लाटांचा गट गेल्यावर उसंत किती मिळते, हे तो मनाशी मोजतो. आत येताना तो एका लाटेच्या पाठीवर राहतो. तिच्या पुढे जात नाही आणि मागच्या लाटेला आपल्याला गाठू देत नाही. मागच्या लाटेने होडीचा पाठचा भाग उचलला, तर नाळ पाण्यात घुसते, होडी आडवी फिरते आणि पुढची लाट तिला उलथून टाकते. अशा वेळी छायाचित्रासाठी उभा राहिलेला एक प्रवासी, किंवा एका बाजूस धावलेले दहा प्रवासी, सार्‍या कौशल्यावर पाणी ओततात. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. भर पावसाळ्यातील त्या अमावास्येचे स्मरण कोकणात आजही आहे.

यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. या विद्येचा मोठा भाग होडी हाकण्यात नसून थांबण्यात आहे. लाट पाहून पाच मिनिटे थांबणे, भरती पाहून दोन तास थांबणे, वारा पाहून दिवसभर थांबणे ही सारी त्या एकाच निर्णयाची लहानमोठी रूपे होत. आणि नेमक्या याच निर्णयाची बाजारात काहीही किंमत नाही.

पर्यटकांच्या होडीचा व्यवसाय साधारणतः ऑक्टोबर ते मे एवढाच चालतो. त्यातही खरी कमाई दिवाळीची, नाताळची आणि मे महिन्याची. होडी, यंत्र, परवाना, विमा, कर्जाचे हप्ते हा खर्च बाराही महिन्यांचा. उत्पन्न मात्र मोजक्या दिवसांचे. शिवाय पैसे मिळतात ते फेरीचे. अभ्यासपूर्वक दिलेल्या नकाराबद्दल नावाड्याच्या हाती दमडीही पडत नाही. नकाराने होणारे नुकसान निश्चित असते, आजचे असते आणि त्याच्या घरापर्यंत पोचते. नकाराने टळलेला अपघात मात्र कोणालाच दिसत नाही, कारण तो घडलेलाच नसतो. त्यातच शेजारचा नावाडी तेच प्रवासी घेऊन जातो आणि बहुतेक वेळा सुखरूप परतही येतो. मग नकार देणारा सावध न ठरता भित्रा ठरतो. दोन-तीनदा असे झाले म्हणजे चौथ्या वेळी तोही निघतो. यात लोभापेक्षा स्पर्धेच्या रचनेचा दोष अधिक आहे. दुर्दैवाने मे महिन्याच्या उत्तरार्धात पर्यटकांची गर्दी शिगेला पोचते आणि नेमक्या त्याच दिवसांत मोसमी पावसाआधीचे वारे समुद्र खवळू लागतात. उत्पन्नाची आणि धोक्याची लाट एकाच पंधरवड्यात येते.

प्रवाशाची बाजूही अशीच आहे. अचलपूरहून गेलेल्या कुटुंबाला ती सकाळ पुन्हा मिळणार नसते. मुलांना दिलेला शब्द असतो, परतीचे तिकीट असते. ‘एवढ्या लांबून आलो’ हे वाक्य नावाड्याच्या कानावर दिवसातून किती वेळा पडत असेल! आणि काही प्रवाशांना तर निवडच नसते. २३ जानेवारी २०२४ रोजी गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्यात वैनगंगेत नाव उलटून मजूर स्त्रिया बुडाल्या. त्या नदीपलीकडे मिरची तोडण्याच्या कामाला निघाल्या होत्या. तेथे नकाराचा अर्थ एका दिवसाची मजुरी गमावणे असा होता. सहलीच्या प्रवाशाला निदान तेवढे तरी गमवावे लागत नाही, ही जाणीव त्याने ठेवावयास हवी.

या प्रश्नावर सहसा तीन उपाय सांगितले जातात. पहिला गाळ उपसण्याचा. सतराव्या शतकात इंग्रजांची वखार असलेल्या राजापूरच्या खाडीची आजची अवस्था पाहिली, तर गाळाशी चाललेली झुंज एकदा पैसे खर्चून जिंकता येत नाही हे कळेल. मोठ्या बंदरास सततचा उपसा परवडतो. वीस प्रवाशांच्या होड्यांसाठी प्रत्येक मुखाशी तो परवडणे शक्य नाही. दुसरा उपाय जीवरक्षक जाकिटांचा. तो अनिवार्यच आहे, आणि जाकीट अंगावर बांधल्याशिवाय होडी सुटता कामा नये. परंतु जाकीट होडी उलटल्यानंतरची सोय आहे. ती उलटू नये याची तजवीज त्यात नाही. तिसरा उपाय कायद्याचा. १९१७ सालच्या जुन्या अधिनियमाच्या जागी २०२१ साली अंतर्देशीय जलयानांचा नवा अधिनियम आला आणि त्याने यंत्राविना चालणार्‍या होड्यांच्या नोंदणीचे काम स्थानिक संस्थांपर्यंत नेण्याची वाट मोकळी केली. किनार्‍यावर १९९६ पासून महाराष्ट्र सागरी मंडळ आहे. परवाने, तपासणी, प्रवासीसंख्येची मर्यादा ही कामे या यंत्रणांनी कठोरपणे केलीच पाहिजेत. परंतु महिन्यातून एकदा येणार्‍या निरीक्षकाला आज सकाळी नऊ वाजता दांड्यावर लाट कशी फुटते आहे हे कळण्याचा संभव नाही. ते ज्ञान त्या गावातील माणसांकडेच असते आणि रोजच्या रोज जुने होते.

मग मार्ग कोणता? तो किनार्‍यावरील समाजाने पूर्वीच शोधून ठेवला आहे. नारळी पौर्णिमेपूर्वी समुद्रात जावयाचे नाही, हा कोळ्यांचा परंपरागत दंडक होय. त्याकडे केवळ धार्मिक आचार म्हणून पाहिले जाते. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने ती मोठी शहाणी व्यवस्था आहे. एकट्याने घरी बसावयाचे ठरविले, तर त्याचे नुकसान आणि शेजार्‍याचा फायदा. सगळेच घरी बसले, तर कोणाचे गिर्‍हाईक कोणी पळवीत नाही. नकाराचा भार एकट्या माणसाच्या अंगावरून काढून सार्‍या गावावर वाटून टाकण्याची ही युक्ती आहे. पावसाळ्यातील शासकीय बंदी हे तिचेच आधुनिक रूप. उणीव एवढीच, की ही व्यवस्था पंचांगातील तारखांना बांधलेली आहे आणि लाट तारीख पाहून येत नाही. बंदी सुरू होण्यापूर्वीच्या आठवड्यातील एखादी सकाळ बंदीतल्या दिवसाहूनही वाईट असू शकते.

म्हणून ऋतूचा नकार जसा सामुदायिक आहे, तसा रोजचा नकारही सामुदायिक व्हावा. प्रत्येक मुखाशी तीन-चार अनुभवी नावाड्यांचे एक लहान मंडळ असावे. त्यांनी रोज सकाळी आणि भरतीच्या प्रत्येक फेर्‍याच्या आधी दांडा पाहून निर्णय द्यावा आणि निशाण लावावे. तांबडे निशाण लागले की एकही होडी सुटणार नाही. सुटली तर परवाना जाईल. अंमलबजावणी सागरी मंडळाची, निर्णय गावाचा. पावसाळा संपला की याच मंडळाने मुखाशी पाणी मोजून नवी वाट ठरवावी आणि खुणा उभाराव्यात. अन्य देशांत असे घडतेच. पोर्तुगालच्या किनार्‍यावर बंदराचा अधिकारी लाटा पाहून मुख बंद झाल्याचे जाहीर करतो. अमेरिकेत ओरेगनच्या किनार्‍यावर तटरक्षक दल नदीमुखे छोट्या नौकांना तेवढ्या वेळेपुरती बंद करते. तेथील खलाशी कमी धाडसी आहेत असे कोणी म्हणत नाही.

मात्र नुसता हुकूम पुरणार नाही. बंद दिवसाचा खर्च कोणी तरी सोसला पाहिजे. तो प्रवाशाने सोसावा हेच न्याय्य होय. प्रत्येक तिकिटामागे एक लहानशी रक्कम वेगळी काढून तिचा निधी करावा आणि तांबड्या निशाणाच्या दिवशी परवानाधारक होड्यांना त्यातून भरपाई मिळावी. प्रवासी हा जो थोडा अधिक पैसा देईल, तो होडी न सुटण्याच्या हक्काचा हप्ता असेल.

यावर आक्षेप येतील आणि ते विचारात घेतले पाहिजेत. घरबसल्या पैसे मिळाले तर नावाडी ऊठसूट निशाण लावतील, असे कोणी म्हणेल. त्यासाठी भरपाई रोजच्या कमाईहून कमी ठेवावी. म्हणजे चांगल्या दिवशी होडी काढण्यातच त्यांचा लाभ राहील आणि वाईट दिवशी काढण्याची निकड उरणार नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. एकत्र आलेले नावाडी उद्या दरही एकत्र ठरवितील आणि प्रवाशांची अडवणूक करतील. ही भीती निराधार नाही. म्हणून मंडळाकडे मुख बंद करण्याचा अधिकार असावा, दर ठरविण्याचा नसावा. आणि निधीचा जमाखर्च ग्रामपंचायतीत सर्वांना पाहता यावा. तिसरा आक्षेप असा, की गावातल्या माणसांचे हितसंबंध गुंतलेले असताना त्यांच्यावर विश्वास का ठेवावा? त्याला उत्तर एकच आहे: दांड्याची रोजची माहिती दुसर्‍या कोणाजवळ नाही. त्या माहितीला अधिकार आणि मोबदला दोन्ही नाकारून आजवर जे मिळाले, ते वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचलेच आहे.

यात अचलपूरने काय करावयाचे? प्रथम, सहली आखणार्‍या शाळा-महाविद्यालयांनी होडीच्या कार्यक्रमापुढे ‘परिस्थिती अनुकूल असल्यास’ एवढे शब्द लिहावेत आणि ते पालकांना आधीच समजावून सांगावेत. त्या सकाळी होडी निघाली नाही तर मुलांना काय दाखवावयाचे, हेही आधीच ठरवावे. पर्याय हाताशी असला की हट्ट आपोआप मवाळ होतो. सहलप्रमुख शिक्षकाने किनार्‍यावर ‘किती वेळ लागेल’ असे विचारण्याऐवजी ‘आज जावे काय’ असे विचारावे आणि उत्तर नकारार्थी आले तर दुसर्‍या होडीकडे वळू नये. दुसरी गोष्ट घरच्या पाण्याची. सापन, चंद्रभागा, शहानूर यांवरील धरणांमुळे या भागात आता मोठे जलाशय आहेत. डोंगा तेथेही दिसेल, आणि गटागटाने फिरावयास आलेली तरुण मंडळीही. मे २०२४ मध्ये उजनीच्या जलाशयात वादळी वार्‍याने होडी उलटून माणसे बुडाली, तेव्हा तेथे समुद्र नव्हता आणि वाळूचा दांडाही नव्हता. कोणत्या जलाशयावर कोणता डोंगा चालतो, त्यात किती माणसे बसावीत आणि वारा उठला की तो कोणी थांबवावा, याची नोंद पंचायतींनी आजच करावयास काय हरकत आहे?

तारकर्लीला पुढच्या मे महिन्यातही वर्‍हाडातून माणसे जातील आणि त्यांनी अवश्य जावे. समुद्र पाहण्याची हौस गैर नाही. जाताना त्यांनी हिशेबाच्या वहीत एक रकाना वाढवावा: होडी न निघाल्यास वाया जाणारे पैसे. ती रक्कम आधीच गेली असे समजून जो घरून निघेल, त्याला किनार्‍यावर ‘आज नाही’ हे शब्द ऐकताना राग येणार नाही आणि ते शब्द उच्चारताना नावाड्यालाही संकोच वाटणार नाही.